सातवं नाव

आज सकाळी चष्मा पुसायला घेतला, तर काचेवर रुईचा एक तंतू. फुंकर मारली, तो हलला आणि पुन्हा तिथेच बसला. म्हणजे हंगाम आला. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरावरून कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या की पहिले तीन-चार दिवस हे असंच चालतं. तुळशीच्या मंजिऱ्यांवर रुई, वाळत घातलेल्या धोतरावर रुई, दह्याच्या सायीवरसुद्धा रुई. बायको खिडक्या लावत फिरते आणि मी तिच्या मागून त्या उघडत फिरतो. "खोकला होईल तेव्हा कळेल," ती म्हणते. मला खोकला होत नाही. वकिलांना तो होत नाही. ज्यांना व्हायचा त्यांना होऊन गेला.

आमच्याकडे ज्वारीचा हंगाम, तुरीचा हंगाम असं वेगळं सांगावं लागतं. नुसता 'हंगाम' म्हटलं की तो कापसाचा. तो आला की सगळं गाव खुशीत असतं. कापडवाले, हलवाई, गाडीवान, सगळ्यांचे आवाज चढतात. मला मात्र त्या दिवसांत जेवण जात नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोटाचं नाव काढलं की लगेच कुणीतरी ओवा आणून हातावर ठेवतं.

तो एक हंगाम मी अकोल्यात काढला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, सरकार इंग्रजांचं होतं आणि माझी वकिलीची सनद अगदी कोरी होती. वडील अमरावतीतले नावाजलेले वकील. त्यांच्या ऑफिसात अशील मला 'धाकटे साहेब' म्हणत आणि कागद मात्र वडिलांच्याच हातात देत. मी रागावलो आणि अकोल्याला निघून गेलो. स्टेशनपलीकडे एक खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर जिनाची, म्हणजे रेच्यांवर कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याची, लांबलचक भिंत, भिंतीवर पांढरी साय चढलेली, आणि फाटकाशी ओळीने टांगलेल्या आगीच्या लाल बादल्या. एवढ्या बादल्या कशाला, असं मी पहिल्या दिवशी घरमालकाला विचारलं. "कापसात एखादा खडा येते अन् रेच्यात ठिणगी पडते," तो शांतपणे म्हणाला, "मंग बादल्याबी पुरत नाईत." त्यानंतर मी ती खिडकी उघडताना आधी बादल्यांकडे बघत असे.

त्याच सुमाराला मजुरांच्या संघाचा कायदा नवा नवा आला होता. सात मजुरांनी एकत्र यायचं, प्रत्येकाचं नाव, काम आणि पत्ता लिहून, सह्या करून अर्ज नागपूरला पाठवायचा. सरकारने संघ नोंदवून घेतला की मग मिळून काम थांबवलं तरी कट केला म्हणून खटला उभा राहत नाही. मला हा कायदा तोंडपाठ होता. कुणी जेवायला बोलावलं तर मी वरण-भातापासून ताकापर्यंत तोच सांगत असे. दुसऱ्यांदा मला फारसं कुणी बोलावलं नाही.

ऐकणारा भेटला तो उस्मानभाई. जिनातला फिटर, पन्नाशीचा, तेलाने काळे झालेले हात कायम पाठीमागे धरून उभा राहणारा. मजुरांची तक्रार एकच होती, भोंग्याची. सकाळचा भोंगा तारा दिसत असतानाच वाजायचा आणि संध्याकाळचा मॅनेजरच्या मनात येईल तेव्हा. मजुरांपाशी घड्याळ नाही. आवारात कापूस जास्त असला की दिवस लांबायचा. बाया रेच्यापाशी उभ्या, हाताने कापूस लावतायत, सरकी खाली पडतेय, रुई पुढे जातेय, पायाखाली यंत्रांचे पट्टे घुमतायत, आणि सूर्य बुडून गेला तरी दिवस संपलेला नाही. "आम्हाले जास्त काही नको, वकीलसाहेब," उस्मानभाई म्हणाला. "सांजचा भोंगा ठरल्या टाइमाले वाजला पायजे. बस." मी म्हणालो, सात माणसं आणा, कायदा तुमच्या बाजूला आहे. कायदा कुणाच्या बाजूला असतो म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण आवाज फार खणखणीत होता.

जिनाच्या भिंतीला लागून एक कडुनिंब होता. दुपारच्या सुटीत बाया तिथे भाकरी खायला बसत. एरवी कडुनिंब हिरवा असतो. हा पांढरा होता. बायांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या, आणि सगळ्या जणी वयापेक्षा वीस वर्षांनी म्हाताऱ्या दिसत. मी तिथे उभं राहून कायदा सांगितला. सहा पुरुष पुढे आले, उस्मानभाई धरून. सातवाही येत होता, यंत्रांना तेल घालणारा एक तेलवाला. त्याने हात वर केलासुद्धा. पण मला वाटलं, सातवी बाई असावी. अर्जावर बाईचं नाव असेल तर नागपूरला किती छान दिसेल! अमरावतीला वडिलांच्या कानावर जाईल तेही चांगलंच. खरं सांगायचं तर हे दुसरं कारण मोठं होतं.

"मी येतो," असं म्हणत एक बाई उठली. अंगाने काटक, कपाळावर गोंदलेलं, तोंडात घास तसाच. तिच्या शेजारी बसलेल्या बाईने तिचा पदर खाली ओढला. ती खोकत होती, त्यामुळे नुसतंच ओढत होती, बोलता येत नव्हतं. उठलेली ती अंजना आणि ओढणारी तिची थोरली जाऊ, कासाबाई.

त्या दोघी एका बिल्ल्यावर होत्या. हे मला संध्याकाळी कळलं. हंगाम सुरू झाला की जिनाच्या फाटकावर प्रत्येक मजुराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. फाटकावरचा पहारेकरी बिल्ला बघायचा, तोंड बघायचा नाही. रुईने माखल्यावर बघण्यासारखं तोंड उरतही नसे. हजेरीत नाव होतं कासाबाईचं. पण तिला धाप लागायची, म्हणून एक दिवस ती आणि एक दिवस अंजना, अशा त्या येत. एक कामावर, तर दुसरी घरी पोरांपाशी. अशा जोड्या त्या जिनात कितीतरी होत्या. मुकादमाला ठाऊक होतं, पहारेकऱ्याला ठाऊक होतं, मॅनेजरलाही ठाऊक असणारच; कारण त्यामुळे एकही रेचा कधी रिकामा राहत नसे. बाळंतपण असो, ताप असो, बिल्ला मात्र रोज हजर. सगळ्यांचीच सोय होती ती, आणि कुठेही लिहिलेली नव्हती. आत्ता वाटतं, न लिहिलेली होती म्हणूनच टिकली होती.

माझ्या खोलीत सतरंजीवर ते सातही जण बसले. मी चांगला जाड कागद आणला होता. अंजनाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "जिनातलं नाव लिवा. कासाबाई."

"ते तुमचं नाव आहे का?"

"नाई. थे जाऊबाईचं हाय. पन मले तिथी कासाच म्हनतात ना."

"सरकारच्या कागदावर खोटं नाव चालत नाही," मी म्हणालो. "खरं नाव सांगा."

उस्मानभाई खाकरला. "साहेब, जे हजेरीत आहे थेच राहू द्या. कायले हात लावता?" तो मुसलमान फिटर, शाळेचं तोंड न पाहिलेला, आणि मी नागपूरहून कायदा शिकून आलेला. मी त्याला खोटेपणाचे धोके समजावून सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुन्हा पाठीमागे नेले.

अंजना मात्र कागदाकडे बघत होती. "चार हंगाम झाले," ती हळूच म्हणाली. "माह्या नावानं अजून कोनी हजेरी घेतली नाई." मग कागदाला बोट लावून, "लिवा. अंजना लिवा." मी लिहिलं. अंजना, काम रेच्यावर कापूस लावणे, पत्ता अमका. तिने अंगठा उठवला, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारत राहिली. तिचा तो चेहरा मला आवडला होता, अजूनही आवडतो. सगळी चूकच होती असं म्हणून मोकळं व्हावं असं वाटतं, पण तो चेहरा आठवला की तसंही म्हणवत नाही.

आठवणींचं काही खरं नसतं. त्या हंगामातल्या थंडीची मला अजिबात आठवण नाही, पण भिंतीपलीकडच्या पट्ट्यांचा घुमणारा आवाज मी आत्तासुद्धा काढून दाखवीन. तो दिवसभर चाले, आणि थांबला की कानाला जास्त त्रास होई. परवा नातवाने विचारलं, आजोबा, तुम्ही पहिली केस कुठली लढलात? मी काहीतरी बांधाच्या भांडणाचं सांगितलं.

नागपूरहून महिन्याभराने पत्र आलं. अर्जदार खरोखर त्या कामावर आहेत याचा पुरावा द्यावा, एवढंच. साधं पत्र होतं. मजुरांकडून बिल्ल्यांचे नंबर घेऊन पाठवता आले असते, उस्मानभाईने तसं सुचवलंही. पण मला सगळं रीतसर हवं होतं. मी कोट चढवला, टोपी नीट केली आणि सरळ जिनाच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरपुढे सात नावांचा कागद ठेवला. या सात जणांची हजेरीतली नोंद मिळावी. माझ्या हाताने ठेवला. वाघाच्या पिंजऱ्यात माणूस निदान घाबरत तरी जातो; मी तिथे चहा घेतला.

मॅनेजर फार सभ्य माणूस होता. आवाज चढवायचा नाही, कागद सुद्धा दोन बोटांनी उचलायचा. "आनंद आहे," तो म्हणाला. "नोंदवा संघ. पण एक गोष्ट ऐका, वकीलसाहेब. शेजारच्या जिनात संघ नाही. आमचा भोंगा घड्याळावर वाजायला लागला की संध्याकाळी आलेल्या गाड्या तिकडे वळणार. शेतकरी बैल सोडून रात्रभर कशाला बसेल? सगळ्या जिनांना एकच भोंगा लावा, मी पहिला सही करीन. एकट्या आम्हाला लावाल तर दोन हंगामांत या फाटकाला कुलूप लागेल, आणि मग तुमचे सात जण कुणाच्या विरुद्ध संघ काढणार?" त्याचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं, हे कबूल करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मग त्याने हजेरीचं बुक मागवलं. एकेक नाव बोटाने लावत गेला. सहा नावं सापडली. सातव्यापाशी बोट थांबलं.

"अंजना नावाची बाई आमच्याकडे नाही."

"आहे. रेच्यावर आहे," मी म्हणालो.

"कुठल्या बिल्ल्यावर?"

मी कप उचलून उरलेला चहा संपवला. बाहेर पट्टे घुमत होते. त्याने बुक अलगद बंद केलं आणि म्हणाला, "सापडेल. शोधतो मी." त्याचं ते 'शोधतो मी' इतकं मऊ होतं की मी त्याला धन्यवाद दिले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर बिल्ल्याबरोबर तोंडही बघायला सुरुवात झाली. पहारेकरी बायांना पदराने चेहरा पुसायला लावायचा. दोन दिवसांत सगळ्या जोड्या उघड्या पडल्या. ज्यांनी अर्जाचं नावही ऐकलं नव्हतं अशा बाया कडुनिंबाखाली रडत बसलेल्या मी खिडकीतून पाहिल्या. कुणीही मला शिवी दिली नाही. माझ्या खोलीकडे बघत सुद्धा नव्हत्या. तिथे खोलीच नाही अशा त्या पाठ करून बसत. एक बिल्ला, एक बाई, असा नियम झाला. कायद्याने जे मागितलं होतं तेच, असं मॅनेजर सगळ्यांना सांगत होता.

कासाबाईचा बिल्ला काढून घेतला होता. तो परत मिळायला एक अट होती. तिने एका कागदावर अंगठा द्यायचा. त्यात लिहिलेलं: अंजना नावाची कोणी बाई जिनात कधी कामाला नव्हती, आमच्या घरातही अशी बाई नाही, वकिलांनी हे नाव आपल्या मनाने घातलं. तिने अंगठा दिला. न देऊन काय करणार? घरात चार पोरं होती, दोन तिची आणि दोन अंजनाची, आणि हंगाम होळीपर्यंतच चालणार होता. मॅनेजरने तो कागद मला बोलावून दाखवला. त्या दिवशीही चहा होता. "खोटा अर्ज करणं हा गुन्हा आहे म्हणे," तो म्हणाला. "नवी सनद आहे तुमची. मी कशाला हे नागपूरला पाठवू? तुम्हीच अर्ज मागे घ्या."

मी उठून म्हणू शकत होतो की अंजना आहे. माझ्या सतरंजीवर बसली होती, माझ्या शाईने तिचा अंगठा काळा झाला होता. सहा साक्षीदार होते. पण मी सनदेला भ्यालो, वडिलांना भ्यालो, आणि त्या भीतीला मी समजूतदारपणा असं नाव दिलं. अर्ज मागे घेतला. सातात एक कमी झाला की सहा उरत नाहीत, काहीच उरत नाही. उस्मानभाईला पुढच्या आठवड्यात सांगण्यात आलं की त्याचा हंगाम संपला. तो निरोप घ्यायला आला तेव्हा नेहमीसारखे हात पाठीमागे घेऊन उभा होता. "तुमी वाईट माणूस नाई, साहेब," तो म्हणाला. "पन तुमाले घाई लई." हे ऐकून मला राग आला होता. आज त्याच्याएवढं खरं माझ्याबद्दल कुणी बोललेलं आठवत नाही.

आता त्या बिल्ल्यावर रोज एकच बाई हवी होती, आणि कासाबाईच्या छातीत रोज उभं राहण्याचं बळ नव्हतं. तेव्हा अंजनाच कासा झाली. मॅनेजरला ते कळत नव्हतं असं नाही. त्याला काम करणारे हात आणि हजेरीतलं नाव जुळलेलं हवं होतं, ते जुळलं. एका संध्याकाळी फाटकाबाहेर ती दिसली. भोंगा कितीतरी उशिरा वाजला होता. मी हाक मारली, "अंजनाबाई!" ती थांबली नाही. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा बाकीच्या बाया घाबरून बाजूला झाल्या. ती वळली आणि अगदी हळू म्हणाली, "साहेब, त्या नावानं हाक नका मारू. पहारेकरी आयकून राहिला." चेहरा पुसलेला होता, स्वच्छ. फाटकावर आता रोज पुसावाच लागे.

होळीला पट्टे थांबले. मी अमरावतीला परत आलो आणि निमूटपणे वडिलांच्या ऑफिसात 'धाकटे साहेब' होऊन बसलो. पण अकोल्याच्या कोर्टात एक-दोन कामं उरली होती. त्यासाठी श्रावणात गेलो, तेव्हा कोर्टाच्या पायरीवर ती बसलेली. मला वाटलं, उशिरा का होईना शिव्या द्यायला आली.

"जाऊबाई गेली," ती म्हणाली. "सकाळी. मानसं मसनात गेली हायत. मुन्शिपाल्टीत नाव लिवाचं हाय. तुमी चाला."

"मी कशाला?"

"तिथला कारकून लई इचारते. तुमी संगं असले तं गुपचाप लिवते."

वाटेत चिखल होता, ती पुढे आणि मी मागे. ऑफिसच्या दाराशी थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कासा मेली असं लिवलं तं दिवाळीले फाटकावर कोन जाईल? बिल्ला कासाचा हाय. जुन्या बिल्ल्याले पैले घेतात. चार पोरं हायत मले." मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा आम्ही कारकुनापुढे उभे होतो.

"मयताचं नाव?" कारकुनाने विचारलं.

"अंजना," ती म्हणाली. न अडखळता, स्पष्ट. तिच्या कपाळावरचं गोंदण मी त्या वेळी इतकं जवळून बघत होतो की त्यातले ठिपके मोजता आले असते.

"खबर देणारीचं नाव?"

"कासाबाई. थोरली जाऊ."

कारकुनाने टाक बुडवला, लिहिलं, आणि माझ्या टोपीकडे बघून बुक माझ्यापुढे सरकवलं. "साहेब, तुम्ही ओळखता ना यांना? मग साक्षीदार म्हणून सही करा."

तिचं नाव दुसऱ्यांदा सरकारी कागदावर आलं होतं. पहिल्यांदा मी खरं लिहिलं होतं. मी टाक हातात घेतला आणि तो काही चालेना. तेव्हा ती जवळ सरकली आणि काळजीने विचारल्यासारखं म्हणाली, "यासाठी सात जन लागत नाईत ना, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. आणि सही केली.